राखीव जंगलाच्या नोंदवहीत बाई कुठे आहे?



या अंकाचा मुख्य विषय ‘वन्यप्राण्यांसाठी राखलेली जमीन आणि आपण’ असा ठरला, तेव्हा आमच्या संपादक गटातच थोडी कुरबूर झाली. “वाघाची काळजी करायला पुष्कळ लोक आहेत. आपल्याकडे नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या केसेस वर्षानुवर्षे पडून आहेत. आपण कशाला त्यात पडायचं?” असे एकीने विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देताना मला माझीच एक चूक सांगावी लागली. बैठकीत सांगितली, तीच आज तुम्हालाही सांगते.

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण संपवून मी नुकतीच कामाला लागले होते. मेळघाटातल्या एका कोरकू गावाचे पुनर्वसन व्हायचे होते आणि त्याआधीच्या कुटुंब सर्वेक्षणाचे काम आमच्या गटाकडे आले होते. हातात छापील तक्ता होता. कुटुंबप्रमुखाचे नाव, वय, जमीन, जनावरे, वार्षिक उत्पन्न, मग घरातल्या प्रत्येक माणसाची वैवाहिक स्थिती. तिच्यासाठी चार पर्याय होते : विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित. एका घरात भाऊ, भावजय, त्यांची तीन मुले आणि तिशीतली एक बहीण होती. नवऱ्याने दुसरी बायको केली तेव्हापासून, म्हणजे आठ वर्षे, ती माहेरीच राहत होती. पंचांसमोर काही बोलणे झाले होते, पण कागद कुठलाच नव्हता. मी ‘विवाहित’वर खूण केली. तक्त्याच्या हिशेबाने ते बरोबरच होते. तिने मला विचारले, “ताई, मग मी कोणाच्या घरात मोडते?” मी म्हटले, “भावाच्या.” आणि पुढच्या घरी गेले. दिवसाला वीस घरे पुरी करायची होती.

त्या एका खुणेचा अर्थ मला पुढे दीड-दोन वर्षांनी कळला. तो सांगण्याआधी ही जमीन राखायची कशासाठी, हे नीट समजून घेऊ या. कारण बायांच्या बाजूने बोलायचे म्हणजे जंगल राखण्याच्या विरोधात बोलायचे, असा एक सोपा समज आपल्यातही आहे. मला तो मान्य नाही.

मेळघाटच्या डोंगरांतून सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्या निघतात आणि तापीला मिळतात. हे जंगल उघडे पडले तर खालच्या खोऱ्यातल्या शेतकरणीच्या विहिरीलाही ते कळणार आहे. सातपुड्याच्या याच रांगांत रानपिंगळा राहतो. १८८४ नंतर हा छोटा घुबडवर्गीय पक्षी कोणाला दिसला नव्हता, तो नामशेष झाला असेच धरले जात होते. १९९७ साली शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला, पुढे मेळघाटातही आढळला. जंगल शिल्लक होते म्हणून तो शिल्लक होता. वाघाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. एका वाघाला वर्षाला चितळ-सांबरासारखी साधारण पन्नास जनावरे लागतात, आणि त्यांचा कळप न घटता तेवढी मिळायची, तर जंगलात अशी पाचएकशे जनावरे असावी लागतात. तेवढ्या जनावरांना गवत हवे, पाणी हवे, निवांतपणा हवा. हे सगळे शेताच्या बांधावर होत नाही. त्यासाठी सलग जमीन लागते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्र प्रकल्प या विचारातून आले. व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४. बोरी, कोहा आणि कुंड ही मेळघाटातली गावे सर्वात आधी हलली. त्यांच्या जुन्या शेतांवर आज गवताची कुरणे आहेत आणि तिथे रानगवे चरतात. ही गोष्ट चांगली नाही, असे मी म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूचा. जमीन कोणी सोडली, कोणी ठरवले, आणि मोबदल्यातले कोणाच्या हातात काय पडले?

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला २००८ पासून दहा लाख रुपये देण्याचे ठरले, २०२१ मध्ये ती रक्कम पंधरा लाख झाली. पैसे घ्या, नाहीतर घर-जमिनीसह पुनर्वसन घ्या, असे दोन पर्याय आहेत. ‘कुटुंब’ कोणाला म्हणायचे हेही केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहे. अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळे कुटुंब, मग त्याचे लग्न झालेले असो वा नसो. अठरा वर्षांवरची अविवाहित मुलगी किंवा बहीण वेगळे कुटुंब. विधवा आणि घटस्फोटित बाईसुद्धा वेगळे कुटुंब. जुन्या धरणांच्या पुनर्वसनात सज्ञान मुलगे मोजले जात आणि मुली मोजल्याच जात नसत. त्या मानाने ही सुधारणा आहे, ते कबूल केले पाहिजे.

पण या यादीत एक बाई नाही. परित्यक्ता. लग्न झालेले आहे म्हणून ती अविवाहित नाही. नवरा जिवंत आहे म्हणून विधवा नाही. कागद नाही म्हणून घटस्फोटितही नाही. आपल्या चळवळीत गेली चाळीस वर्षे आपण जिच्याविषयी बोलतो आहोत, रेशनकार्डासाठी आणि पोटगीसाठी जिच्याबरोबर खेटे घातले, तीच ही बाई. जंगलातही ती आहे आणि तिथल्या नोंदवहीतही तिला रकाना नाही. माझ्या त्या एका खुणेने हेच केले. भावाला त्याच्या कुटुंबाचा वाटा मिळाला आणि तिला काही मिळाले नाही. तिचे नाव नवऱ्याच्या गावी लागायला हवे होते, पण ते गाव जंगलाबाहेर, तिथे मोबदला नाही आणि तिला घरही नाही.

यावर कोणी म्हणेल की तिचे आधी तरी काय होते? जमीन तर भावाच्याच नावावर होती. इथेच आपला हिशेब चुकतो. त्या तक्त्यातल्या ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यात मी शेतीचे आणि मजुरीचे आकडे लिहिले. मोहाचा मी विचार केला नाही. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे अंधार असतानाच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फुले वेचतात, वाळवतात, थोडी घरी ठेवतात, बाकीची बाजारात विकतात. मग चारोळी येते, तेंदूपत्ता येतो, पावसाळ्यात रानभाज्या येतात, वर्षभर सरपण असते. यातून येणारा पैसा थोडा असतो, पण तो बाईच्या हातात येतो. त्यातून ती मीठ-तेल आणते, पोराला पुस्तक घेते, आजारी पडली तर कोणाला न विचारता दवाखान्यात जाते. ती बहीण आठ वर्षे भावाकडे होती, पण भावाच्या जिवावर नव्हती. जंगलावर होती.

गाव हलते तेव्हा बाईचे हे हातातले उत्पन्न बंद होते आणि त्याच्या बदल्यात पुरुषाच्या खात्यावर एकरकमी पैसा येतो. कागदावर कुटुंब लखपती होते, घरातली बाई मात्र पूर्वीपेक्षा परावलंबी होते. हे कोणी दुष्टपणाने केलेले नाही. मोजणाऱ्यांनी जे दिसले ते मोजले, आणि बाईचे काम नेहमीसारखेच दिसले नाही. मोजणाऱ्यांत मीही होते.

पुनर्वसन झाल्यावर मी तिला नव्या वसाहतीत भेटले. भावाच्या घरातच होती. तक्रार अशी तिने काही केली नाही. बोलता बोलता एवढेच म्हणाली, “तिथं सरपण माझं होतं. इथं चूल पेटवायची तरी वहिनीला विचारावं लागतं.” मी त्या दिवशी घरी आल्यावर जुना तक्ता काढून बघितला. खूण माझ्याच अक्षराशेजारी होती.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याच गावातल्या किती तरी बायांना तिथून निघायचे होते. बाळंतीण अडली की झोळी करून सडकेपर्यंत न्यायची, वाटेतच काय ते व्हायचे. मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी १९९३ मध्ये देशभर गेली, तेव्हापासून कुपोषण आणि मेळघाट हे शब्द जोडूनच येतात. आपली मुलगी शिकावी, घरात दिवा लागावा, असे त्या बायांना वाटत असेल तर ‘आदिवासी स्त्री जंगलातच सुखी असते’ असे शहरात बसून सांगणाऱ्या आपण कोण? जाण्याचा निर्णय हा त्यांचा हक्क आहे, तसाच राहण्याचाही. आणि जाऊन फसगत झाली तर ते बोलण्याचाही. जानेवारी २०१९ मध्ये मेळघाटातून हललेल्या काही गावांतली माणसे नव्या जागी सोयी नाहीत, आजार आणि मृत्यू वाढले, असे सांगत पुन्हा जंगलात परतली. वनकर्मचारी आणि पोलीस यांच्याशी त्यांचा संघर्ष झाला, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. संमती खरी असती, दिलेला शब्द पाळला गेला असता, तर लोक मुलाबाळांसह असे मागे फिरले असते का?

कायदा याबाबतीत आपण समजतो त्यापेक्षा बराच स्पष्ट आहे. २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो की वन्यप्राण्यांसाठी एखादे क्षेत्र मोकळे करायचे असेल तर आधी तिथल्या लोकांचे वनहक्क मान्य झाले पाहिजेत, ग्रामसभेची लेखी संमती हवी, ती पूर्ण माहिती देऊन आणि कोणताही दबाव न आणता घेतलेली हवी, आणि नव्या जागी कबूल केलेल्या सोयी व जमिनीचे वाटप पूर्ण होईपर्यंत कोणालाही हलवता येणार नाही. मोह, चारोळी, तेंदू यांसारख्या गौण वनोपजावर लोकांची मालकीही हाच कायदा मानतो. पती-पत्नी असतील तर वनहक्काचा पट्टा दोघांच्या नावे द्यायचा, असेही त्यात आहे. नियम सांगतात की या कामासाठीच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश बाया हव्यात. महाराष्ट्रात तर नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे.

मी पाहिलेल्या सभेत बाया होत्या. संख्या पुरेशी होती. त्या मागे, शाळेच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. भाषणे मराठीत झाली, त्यातल्या अर्ध्या जणींना कोरकूशिवाय दुसरी भाषा नीट येत नव्हती. शेवटी वहीत अंगठे घेतले. अहवालात ‘महिलांचा लक्षणीय सहभाग’ असे वाक्य होते. अशी वाक्ये मीही लिहिली आहेत.

मग दुसरा रस्ता आहे का? आहे, आणि तो आपल्याच राज्यात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबूची विक्री स्वतः सुरू केली, त्यातून रोजगार उभा केला. मग ग्रामसभेने ठरवले की तेंदूपत्ता तोडायचा नाही. त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, आणि त्यापेक्षा झाडाला फळे येऊ द्यावीत. हातात येणारा पैसा गावाने आपण होऊन सोडला. शिवाय आपल्या हक्काच्या जंगलातला सुमारे ३४ हेक्टरचा, देवाचा मानलेला तुकडा कोणीही हात लावायचा नाही म्हणून पूर्ण राखून ठेवला. माधव गाडगीळ यांनी या गावाविषयी लिहिले आहे. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की हक्क मिळाल्यावर लोकांनी जंगल ओरबाडले नाही, उलट त्यातला भाग स्वतः बाजूला काढला. हक्काचा कागद हातात असला की माणूस उद्याचा विचार करू शकतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात तर निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा चालते. अशा सभेत मागे भिंतीला टेकून बसलेल्या बाईचा नकारही मोजावाच लागतो.

याचा अर्थ जुने ते सगळे सोने असा मात्र नाही. देवराया हा आपल्या सह्याद्रीतला जंगल राखण्याचा जुना प्रकार. त्यांनी कितीतरी झाडे-वेली वाचवल्या. पण अनेक देवरायांत पाळी आलेल्या बाईला पाऊल टाकायची बंदी आहे. जंगल देवाचे, कारभार पुरुषांचा आणि विटाळ बाईचा, ही वाटणी आपण ‘परंपरेचे शहाणपण’ म्हणून मुकाट्याने स्वीकारायची का? राखणे चांगले, राखण्याच्या नावाने बाईला वगळणे वाईट. हे दोन्ही एका दमात म्हणता आले पाहिजे, मग राखणारे सरकार असो, गाव असो की देव असो.

राखीव क्षेत्राच्या सीमेबाहेरचेही बघू या. चंद्रपूर जिल्ह्यात व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरही पुष्कळ वाघ आहेत. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांना एकाच दिवशी वाघिणीने मारले. वाकून पाने तोडणाऱ्या बाईला सकाळच्या अंधुक उजेडात वाघाने जनावर समजणे अवघड नाही. वाघ वाढले ही बातमी आपण आनंदाने वाचतो. त्या वाढीची जोखीम मात्र सरपणाला, मोहाला, पानाला जाणारी बाई रोज पहाटे घेते. वारसांना भरपाई मिळते. पण तिने तिथे जावेच लागू नये, किंवा गटाने, राखणदारासह, उजाडल्यावर जाता यावे, घरात गॅस असावा आणि तो भरायला पैसे असावेत, यासाठी किती खर्च होतो?

चळवळ म्हणून आपल्यालाही थोडे तपासून पाहायला हवे. १९७४ मध्ये रेणी गावच्या गौरादेवी आणि त्यांच्या मैत्रिणींनी झाडांना कवटाळून जंगल वाचवले. तेव्हापासून ‘बाई म्हणजे निसर्ग’ असे पोस्टर आपण किती वेळा भिंतीवर लावले! बाई निसर्गाची लेक आहे म्हणून नाही, तर तिचे जगणे त्यावर उभे आहे म्हणून ती जंगल राखते. पोस्टरावर तिला देवी केले आणि सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव आले नाही. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला आणि हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावाने जमिनीचा तुकडा केला. बीना अग्रवाल यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात बाईच्या नावावरची जमीन हा साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे, असे मांडले. शेतजमिनीबद्दल आपण हे शिकलो. जंगलाबद्दल अजून शिकायचे आहे.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने आम्ही काही मागण्या मांडत आहोत. पुनर्वसनाच्या यादीत परित्यक्ता बाईला स्वतंत्र कुटुंब धरावे आणि त्यासाठी कोर्टाचा कागद न मागता तिचे स्वतःचे निवेदन व महिला सभेचा दाखला पुरेसा मानावा. विवाहित जोडप्याला मिळणारे घर, जमीन आणि पैसे दोघांच्या नावे असावेत, बाईच्या सहीशिवाय खात्यातला पैसा काढता येऊ नये. संमतीच्या ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा त्यांच्या भाषेत व्हावी आणि त्यांचे म्हणणे वेगळे नोंदवावे. वनोपजाचे उत्पन्न बाईच्या नावाने मोजावे आणि गाव हलल्यावर त्याची जागा कशाने भरून निघणार, ते लेखी सांगावे. आणि सर्वात आधी, गावाचा सामूहिक वनहक्क मान्य करावा. आधी हक्क, मग संमती, मग स्थलांतर, हा कायद्यानेच सांगितलेला क्रम आहे.

हे आत्ताच बोलणे का गरजेचे आहे तेही सांगते. डिसेंबर २०२२ मध्ये जगातल्या देशांनी मिळून ठरवले की २०३० पर्यंत पृथ्वीवरची तीस टक्के जमीन आणि समुद्र जैवविविधतेसाठी राखायचा. त्याच करारात स्थानिक लोकांचे हक्क आणि निर्णयांत स्त्रियांचा सहभाग यांचीही उद्दिष्टे आहेत. आपल्याकडे जून २०२४ मध्ये राज्यांना कळवण्यात आले की व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांत ५९१ गावे आणि ६४,८०१ कुटुंबे आहेत, त्यांचे स्थलांतर लवकर करा. ६४,८०१ हा आकडा वाचला की मला तो तक्ता आठवतो. कोणीतरी नवी पदवी घेतलेली मुलगी तो हातात घेऊन घरोघर जाईल. दिवसाला वीस घरे तिलाही पुरी करायची असतील. या आकड्याच्या पोटात न मोजलेल्या बाया किती, हे तिच्या खुणेवर ठरणार आहे.

तुमच्यापैकी ज्या जणी जंगलाजवळच्या गावांत काम करतात, त्यांनी आपल्या भागातल्या याद्या मागवाव्यात, पाहाव्यात आणि काय आढळले ते आम्हाला कळवावे. पुढच्या अंकात ते छापू. आणि तुमच्यातल्या कोणाच्या हातात असा तक्ता आलाच, तर ‘मी कोणाच्या घरात मोडते’ असे एखादीने विचारल्यावर पुढच्या घरी जायची घाई करू नका. तिथेच बसा आणि समासात लिहा : हिचे घर वेगळे आहे.

तुमच्या पत्रांची वाट पाहते.